सासूबाईंच्या तोंडून हॉकी

चोरी मी आयुष्यात एकदाच केली, आणि तीही बॅटरीची. छप्पन सालची गोष्ट. माझं लग्न होऊन आठ-नऊ महिने झाले होते. परतूरला आमच्या गल्लीत तेव्हा वीज नव्हती. रेडिओ चालायचा मोटारीच्या बॅटरीवर. ती उतरली की रेल्वेनं जालन्याला पाठवायची आणि भरून यायची आठवडाभर वाट बघायची.

त्या हिवाळ्यात मेलबर्नला ऑलिंपिक चालू होतं. हॉकीच्या अंतिम सामन्यात आपली गाठ पाकिस्तानशी पडणार अशी चिन्हं दिसायला लागली, तेव्हा मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, फर्मान काढलं, की तोवर रेडिओला कुणी हात लावायचा नाही. निजामाच्या राज्यात ते तहसील कचेरीत होते आणि कचेरीच्या संघातून हॉकी खेळायचे. आता मोतीबिंदूमुळे पेपर वाचणं सुटलं होतं. या एका सामन्यापायी त्यांनी रेडिओवरच्या बातम्यासुद्धा सोडल्या.

मी मात्र गाणी सोडली नाहीत. दुपारी सासूबाई शेजारी गेल्या आणि मामंजी बाहेर पडले, की मी आवाज अगदी बारीक करून, रेडिओला कान लावून बसायची. दोनच ऐकायची असं ठरवायची आणि पाच ऐकायची. हैदराबादेत वाढलेल्या मुलीला परतूरच्या दुपारी खायला उठतात, असं मी स्वतःला समजावत होते. खरं म्हणजे मोह आवरत नव्हता, एवढंच.

तिकडची दुपार म्हणजे आपली सकाळ. सामन्याच्या दिवशी हे कापसाच्या जिनिंगवर कामाला गेले होते. धावतं वर्णन इंग्रजीत आणि मामंजींचं सगळं शिक्षण उर्दूत. घरात इंग्रजी कळणारी मी एकटी, आणि सासऱ्यांसमोर सुनेनं बोलायचं नाही ही घरची रीत. मग असं ठरलं, की मी माजघरात दाराआड बसून ऐकायचं, सासूबाईंना मराठीत सांगायचं, आणि उंबऱ्यावर बसलेल्या सासूबाईंनी ते बैठकीतल्या मामंजींपर्यंत पोचवायचं.

सासूबाईंनी जन्मात हॉकी बघितली नव्हती. आपला गडी दोघांना चुकवून डावीकडून पुढे घुसला, असं मी सांगितलं की त्या सांगायच्या, एकजण डावीकडं पळून राह्यला. का पळतोय आणि चेंडू कुठंय, असं मामंजींनी विचारलं की म्हणायच्या, ते न्हाई सांगितलं तिनं. तोवर चेंडू मैदानाच्या दुसऱ्या टोकाला गेलेला असायचा. मामंजी गुडघ्यावर मूठ आपटायचे. एरवी मला हसू फुटलं असतं, पण त्यांचा चेहरा बघून हसायची छाती झाली नाही.

मध्यंतरापर्यंत गोल कुणाचाच नव्हता. आणि तेव्हाच मला जाणवलं की रेडिओचा आवाज खाली बसत चाललाय. मामंजींनी बटण पिळून आवाज वाढवला. मेलबर्न लांब आहे, वारं आडवं आलं असेल, अशी सासूबाईंनी समजूत काढली. मी मनातल्या मनात दुपारची गाणी मोजायला लागले.

उत्तरार्धात लवकरच पेनल्टी कॉर्नर मिळाला आणि आपला गोल झाला. ही एक बातमी सासूबाईंनी जराही उशीर न करता पोचवली. मामंजी ताडकन उभे राहिले आणि तसेच खाली बसले. त्यानंतर पाकिस्ताननं एकामागून एक हल्ले सुरू केले आणि इकडे आवाज पार बारीक झाला. दाराआडून मला काहीच ऐकू येईना.

"का थांबली ती? काय झालं?" मामंजींनी विचारलं.

सासूबाई माझ्याकडे बघायला लागल्या. मी पदर सारखा केला, बैठकीत गेले आणि रेडिओला कान लावून खाली बसले. सासूबाईंनी कपाळाला हात लावला, पण निरोप पोचवायला आता वेळच नव्हता. मी थेट मामंजींना सांगत सुटले. ते विचारायचे, आडवं कोण गेलं? मी सांगायची, आपला फुलबॅक. चेंडू बाहेर? बाहेर, मामंजी. असं काही मिनिटं चाललं आणि रेडिओ बंद पडला. सामन्याची दहाएक मिनिटं तरी बाकी असतील.

"जालन्यावाल्यानं बॅटरी बराबर भरली न्हाई," मामंजी म्हणाले. सासूबाईंनी त्या न पाहिलेल्या माणसाच्या नावानं बोटं मोडली. मी गप्प बसले असते तर सुटले असते. पण मामंजी खाली वाकून तारा चाचपडायला लागले. एकेक तार सोडायची, धोतराच्या सोग्यानं पुसायची आणि अंदाजानं परत लावायची. ते मला बघवेना.

"मामंजी, तारा ठीक आहेत," मी म्हणाले. "बॅटरी मी संपवली. रोज दुपारी गाणी ऐकत होते."

मामंजींनी हातातली तार खाली ठेवली. काठी घेतली आणि एकटेच स्टेशनकडे निघाले. तिथं तारयंत्रावर काही कळलं तर कळलं. सासूबाई माझ्याकडे पाठ करून तांदूळ निवडायला बसल्या. आपण हरलो तर या घरात तोंड कसं दाखवायचं, हा एकच विचार माझ्या डोक्यात होता.

तास-दीड तासानं मामंजी आले. बैठकीत न बसता सरळ माजघराच्या दाराशी येऊन उभे राहिले.

"जिंकलो. तोच एक गोल," ते म्हणाले.

मला रडू आवरेना. सासूबाई देवापुढं साखर ठेवायला गेल्या. मामंजी उंबऱ्यावर बसले, जिथं सकाळी सासूबाई बसल्या होत्या.

"आता पहिल्यापासून सांग. तूच सांग, मधी कुणी नको."

मी आठवेल तेवढं सगळं सांगितलं. ते मान हलवत ऐकत होते. बॅटरी संपली त्या जागी आल्यावर मी थांबले आणि म्हणाले, इथून पुढचं मला माहीत नाही.

"मला माहीत हाय," मामंजी म्हणाले. "एका गोलानं पुढं असल्यावर शेवटची दहा मिनिटं कशी काढत्यात, ते मी खेळलेलो हाय. ऐक मंग."

आणि काठीनं जमिनीवर मैदान आखत त्यांनी मला उरलेला सामना सांगितला.