जिनातली भाषा

माझी माय मनकर्णाबाई जवळजवळ ठार बहिरी आहे. पाचोडकडच्या एका जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, बावीस वर्षं तिनं मशीनच्या तोंडात कापूस सारला. त्या धडधडाटानं कान नेले. बाप लवकर गेल्यामुळं काम सोडायची सोय नव्हती. मी शिकलो, छत्रपती संभाजीनगरात नोकरीला लागलो, छावणी भागात खोली घेतली आणि तिला घेऊन आलो. कानाचं मशीनही आणून दिलं. ते डबीतच असतं. "कानात माशी शिरल्यागत होतंय," म्हणते.

जानेवारीत जिना चढताना तिच्या छातीत आवळायला लागलं. डॉक्टरांनी हृदयाचा सीटी स्कॅन सांगितला. रक्तवाहिन्या दिसाव्यात म्हणून शिरेतून औषध सोडतात, आणि मायची किडनी कमजोर. "औषध एकदाच देता येईल," डॉक्टर म्हणाले. "फोटो निघेपर्यंत श्वास रोखायचा. मध्येच घेतला तर फोटो हलेल, आणि लगेच दुसऱ्यांदा करता येणार नाही." ऑपरेशन लागेल की गोळ्यांवर भागेल, हे त्या एका फोटोवर ठरणार होतं. त्या आठवड्यात मला धड झोप लागली नाही.

नाडी वाढू नये म्हणून स्कॅनच्या आदल्या दिवसापासून चहा बंद. चहाशिवाय मायचं डोकं दुखलं आणि तोंड सुटलं. "डाक्टरला म्हणावं, तूच ऱ्हाय बिनचहाचा!" सराव म्हणून मी तिच्या कानाशी तोंड नेऊन "रोख!" असं ओरडायचो, दहा आकडे मोजायचो आणि "सोड!" म्हणून पुन्हा ओरडायचो. शेजारच्या शैलाताईंनी दोनदा दार वाजवून विचारलं, भांडण झालं का म्हणून. माय पंधरापर्यंत रोखायची. मी निर्धास्त झालो. शहाणाच मी! स्कॅनच्या मशीनमध्ये तिच्या कानाशी तोंड नेता येणार नाही, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

सेंटरवर गेलो तेव्हा तिची नाडी अठ्ठ्याऐंशी होती. पासष्टच्या खाली हवी होती. गोळी देऊन तासभर बसवलं. तिनं ब्लाउजच्या चार सेफ्टी पिना काढून माझ्या हातात दिल्या. मी मिनिटामिनिटाला पडद्यावरचा आकडा बघत होतो. तिची नाडी खाली येत होती, माझी मात्र वर चालली होती.

शेवटी आत नेलं. सत्यम नावाच्या टेक्निशियननं तिला टेबलावर निजवलं, दंडात सुई आधीच होती. एकदा नुसताच सराव म्हणून त्यानं मशीन लावलं. आतून आवाज आला, "साँस रोकिए." माय छताकडं बघत निवांत श्वास घेत राहिली. कानाचं मशीन लावून पाहिलं. "नुसतं घूं घूं करतंय," ती म्हणाली. सत्यमचा चेहरा उतरला.

"सर, असं असेल तर आज नको. औषध वाया जाईल."

आमचं काहीतरी बिनसलंय हे तिला दिसत होतं. ती घाबरली. तिनं मोकळा हात उचलला आणि मनगट दोनदा फिरवलं. म्हणजे, काय झालं?

वीस वर्षांनी मी ती खूण पाहिली. जिनात कुणालाच ऐकू यायचं नाही, म्हणून बाया हातांनी बोलायच्या. मिशीला पीळ म्हणजे मुकादम आला, वळलेली मूठ म्हणजे थांब, उघडा पंजा म्हणजे चालू दे. मी त्या बायांच्या पायांत लोळत वाढलो, ती भाषा मला बाराखडीच्या आधी यायची. दहावीत बक्षीस घ्यायला स्टेजवर गेलो, तर मायनं मागून हातांनीच विचारलं, जेवलास का? पोरं हसली, तिची नक्कल करायला लागली. घरी आल्यावर मी म्हणालो, "लोकांत हातवारे करत जाऊ नको, मुकी वाटतेस." तिनं वाद घातला नाही. त्या दिवसापासून तिनं खुणा बंद केल्या. खरं सांगतो, तेव्हा मला बरं वाटलं होतं. आता तिच्यासमोर उभं राहायची लाज वाटत होती.

सत्यमला सांगून मी शिशाचा जड एप्रन चढवला आणि तिच्या पायांकडं, तिला दिसेल असा उभा राहिलो. मूठ वळली. तिनं श्वास धरला. पंजा उघडला. तिनं सोडला. मग बोटं भाजल्यासारखी झटकून सांगितलं, अंग गरम होईल, भिऊ नको. तिनं मान हलवली आणि हात डोक्यामागं नेले.

औषध सुटलं. टेबल आत सरकलं. तिचा चेहरा लाल झाला. माझी मूठ वर गेली आणि तिची छाती थांबली. मी देवबिव मानत नाही, पण मनातल्या मनात कुणाकुणाच्या पाया पडत होतो. सातव्या आकड्याला तिचे ओठ थरथरले. आता घेते श्वास, संपलं सगळं, असं वाटलं. तिनं घेतला नाही.

"झालं सर! एकदम स्वच्छ आलाय!" स्पीकरवरून सत्यम ओरडला.

वर धरलेली मूठ तशीच डोळ्यांवर दाबून मी रडायला लागलो.

"सर, आजींकडं बघा!"

मायचा चेहरा काळानिळा पडला होता. छाती तशीच थांबलेली, डोळे माझ्या मुठीवर. मी झटकन पंजा उघडला. तिनं श्वास सोडला आणि खोकत राहिली.

मी धावत तिच्या कानाशी गेलो. "माय, कधीच झालं होतं गं! श्वास कामून नाय सोडलास?"

"तू कुठं सोड म्हणलास?" ती म्हणाली.