एक पाय उंबऱ्याबाहेर

त्याचा एक पाय कायम दाराबाहेर असायचा. मॅनेजरने केबिनमध्ये बोलावलं की हा चौकटीत उभा. "बस ना," म्हटलं की म्हणायचा, "इथूनही ऐकू येतं."

अमेरिकेतल्या कॅरी गावातल्या आमच्या औषध कंपनीत तो माझ्या शेजारच्या टेबलावर होता. मूळचा हैतीचा, उंचापुरा, आवाज नगाऱ्यासारखा. आमच्या घरी गणपतीला आला तेव्हा मोदकसुद्धा त्याने उंबऱ्यावर उभ्यानेच खाल्ले. बायको म्हणाली, "भाऊ, उंबऱ्यावर उभं राहू नये, आत या." मी भाषांतर केलं. तो गंभीरपणे म्हणाला, "तिला सांग, आमचा सेनापती आत गेला होता."

आता असं कोणी म्हटल्यावर माझ्यासारखा माणूस त्याला सोडतो होय? ऑफिसला आम्ही एकाच गाडीतून जायचो. तिथे मी सगळं काढून घेतलं. तो सेनापती गुलाम म्हणून जन्मलेला. त्याने गुलामांचं सैन्य उभं केलं, फ्रेंचांना जेरीस आणलं. शेवटी तह झाला. मग एका फ्रेंच जनरलने गोड निरोप धाडला: या, जरा चर्चा करू. तो गेला. त्याला तिथेच धरलं, जहाजावर घातलं आणि फ्रान्सच्या एका डोंगरी किल्ल्यात थंडीने मारलं.

"बोलणी करायला बोलावलं की जाऊ नये," तो म्हणायचा. जणू हे सगळं गेल्या मंगळवारी घडलं होतं. मागे राहिलेल्यांनी लढून फ्रेंचांना हाकललं, हा भाग मात्र तो घाईत उरकायचा.

मी मराठी माणूस, मागे कसा राहीन? सिग्नलला स्टिअरिंग सोडून मी आग्रा उभा केला. दरबार, कैद, आजारपणाचं सोंग, मिठाईचे पेटारे, आणि पेटाऱ्यांतून निसटलेला आमचा राजा. मला वाटलं, हा टाळ्या वाजवेल. तो खिडकीबाहेर बघत राहिला. ऑफिस आल्यावर म्हणाला, "आमच्या माणसाला पेटारा मिळाला नाही."

त्यानंतर गाडीत बसला की फर्माईश ठरलेली: "पेटारे." पहारेकरी झाकणाला हात घालतो तिथे हा एवढा दांडगा माणूस श्वास रोखून बसायचा. मीही लबाड, तिथेच मुद्दाम थांबायचो.

मग हैतीच्या लोकांची इथे राहण्याची तात्पुरती परवानगी राहते की जाते, असं सुरू झालं. तिकडे त्याच्या शहरात टोळ्यांची लढाई. बहिणीचं घर जळालेलं. परत जायला जागाच उरली नव्हती. आणि एका सरकारी ऑफिसातून त्याला बोलावणं आलं. फक्त चर्चेसाठी.

"जाऊ नकोस," मी म्हणालो. त्याचंच वाक्य त्याला ऐकवलं.

"नाही गेलो तर पळपुटा ठरेन. मुलगी इथे शाळेत आहे, यार." 'यार' मीच त्याला शिकवलेलं.

सोडायलाही मीच गेलो. त्या दारात तो सवयीने थांबला, एक पाय बाहेर. मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, "पुढे सरका." त्याने वळून माझ्याकडे पाहिलं आणि तो पाय उचलून आत घेतला.

ऑफिस बंद होईपर्यंत मी पार्किंगमध्ये बसून होतो. तो बाहेर आला नाही.

काही दिवसांनी कुठल्या तरी दूरच्या राज्यातल्या कोठडीतून त्याचा फोन आला. "इथे फार थंडी आहे," म्हणाला. आणि मग, "पेटारे."

मी सांगायला लागलो. दरबार, कैद, आजारपण, मिठाई. पेटारे पहाऱ्यापाशी आले, पहारेकऱ्याने झाकणाला हात घातला. पलीकडे त्याने श्वास रोखलेला मला कळला. या वेळी मी थांबणार नव्हतो.

तेवढ्यात फोनची वेळ संपली.