डेसांकाचा दुसरा फोन

पिरोत शहराच्या बाजारामागे डेसांकाचा गुरांचा दवाखाना होता. पंचवीस वर्षं ती तो एकटीच चालवत होती आणि सगळा कारभार एकाच मोबाइलवर. डोंगरातले मेंढपाळ, औषधवाले, निश शहरात नोकरी करणारी मुलगी तियाना आणि गावी एकटे राहणारे वडील, सगळे त्याच नंबरवर. वडील, स्वेतोझार, दिवसाला दहा-बारा फोन करायचे. चष्मा सापडत नाही, आज वार कोणता, असलंच काहीतरी.

एकदा अडलेल्या मेंढीला सोडवताना फोन वाजला. नाव न बघताच तिने कोपराने दाबून विचारलं, "बाबा, गोळ्या घेतल्यात का?"

पलीकडे खाटीक होता. "घेतो की," तो म्हणाला, "कुठल्या तेवढं सांगा."

आठवडाभर बाजार हसला. तीही हसली. पण घरी परतताना गाडी कडेला लावून बराच वेळ नुसती बसून राहिली.

तियानाने तिला नवा फोन घेऊन दिला. जुना कामाला, नवा घरच्यांसाठी. आणि कामावर असताना घरचा फोन गाडीतच ठेवायचा, अशी ताकीद. आजोबांनाही तिने बजावलं, जुन्या नंबरवर फोन करायचा नाही. डेसांका रोज संध्याकाळी वडिलांशी बोलायची. थकवा काही कमी झाला नाही. चार्ज करायला आणखी एक फोन झाला, एवढंच.

फेब्रुवारीत मेंढ्या विण्याचे दिवस आले. चार दिवस ती घरी येऊन बूट काढायची आणि तशीच आडवी व्हायची. घरचा फोन गाडीतच राहिला. पाचव्या दिवशी दुपारी कामाचा फोन वाजला. पडद्यावर 'बाबा'.

"डॉक्टरीणबाई आहेत का?" वडिलांचाच आवाज, पण परक्यासारखा. "आमची शेळी काही खात नाही."

त्यांनी शेवटची शेळी विकून दोन वर्षं झाली होती.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"झाले चार दिवस."

"येते."

स्वेतोझार स्वयंपाकघरात अंगात कोट घालून बसले होते. शेगडी थंड. लाकडं आणताना पाय मुरगळला होता, घोटा भोपळ्यासारखा सुजला होता. पाव आणि चीजवर दिवस काढले होते.

"सरळ सांगायचं ना, बाबा."

"तुझ्या नव्या फोनवर केले की. एकही उचलला नाहीस." ते तिच्याकडे न बघता म्हणाले, "म्हटलं, जनावरासाठी तू येतेसच."

वासरांच्या पायाला बांधते तीच पट्टी डेसांकाने त्यांच्या घोट्याला बांधली, शेगडी पेटवली आणि तिच्यासमोरच भिंतीला टेकून बसल्याबसल्या झोपली. वडिलांनी तिला उठवलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती त्यांना पिरोतला घेऊन आली. दोन्ही सिमकार्डं एकाच फोनमध्ये घातली. तियाना रागावली.

आता स्वेतोझार दवाखान्यामागच्या खोलीत राहतात. जेवणाच्या वेळी फोन त्यांच्याकडे असतो. ती जेवतेय, अर्ध्या तासाने करा, असं ते सांगतात. काही जण ऐकतात.