हंगेरियन क्लबचा कोल्हापुरी लेफ्ट हाफ

कोल्हापूर सोडलं त्या दिवशी माझ्या भुवईवर सात टाके होते. ऐंशीचं दशक नुकतं लागलं होतं. आदल्या आठवड्यात आपल्या पेठेची फुटबॉलची मॅच झालेली, आणि तुम्हाला ठाऊकच आहे, आपल्याकडे शेवटची शिट्टी झाली की मॅच संपते, भांडण नाही. एसटी स्टँडवर आई विचारत होती, तिकडं टाके काढायला डॉक्टर मिळंल का रे? अमेरिकेत! वडील तोंड फिरवून उभे होते. गाडी सुटताना खिडकीशी आले आणि एवढंच म्हणाले, "विलास, राग हितंच ठेवून जा. तिकडं तुला सोडवायला पेठ यायची न्हाई."

कसला ठेवतोय! चांगला जपून घेऊन आलो.

थोरली बहीण, आक्का, मॅसॅच्युसेट्समध्ये श्रूजबरीला राहायची. तिच्याच ओळखीनं शेजारच्या गावात मशीन बनवणाऱ्या कारखान्यात मला ड्राफ्ट्समनचा जॉब लागला. शनिवारी मराठी मंडळी पॉटलकला, म्हणजे आपापला पदार्थ करून घेऊन, जमायची. स्नो टायर कुठले घ्यायचे, कुणी कुठल्या स्ट्रीटवर घर बघितलं, अशा गप्पा. माणसं भली होती, पण माझा जीव गुदमरायचा. लंच ब्रेकमध्ये चिंध्यांचं बोचकं बांधून मी एकटाच ते भिंतीवर लाथाडत बसायचो. एक दिवस लेथवर काम करणाऱ्या फेरी नावाच्या माणसानं ते बोचकं छातीवर झेललं आणि पायानं मला परत दिलं. फेरी हंगेरियन. त्या रविवारी तो मला त्याच्या क्लबवर घेऊन गेला.

क्लब म्हणजे चर्चच्या मागचं उतरतं मैदान, एक पत्र्याची खोली आणि योश्का बाची. बाची म्हणजे त्यांच्यात काका. साठीकडं झुकलेले, नाक दोनदा मोडलेले. त्यांच्याकडे क्लबचा इतिहास लिहिलेली एक जाड वही होती. हा क्लब मूळचा बुडापेस्टचा, ट्रॅमच्या कारखान्यातल्या कामगारांनी काढलेला. महायुद्धात निम्मी टीम मेली. मग नवं सरकार आलं. त्यांनी क्लब पोलिसांच्या खात्याला देऊन टाकला, नाव बदललं, निळा-काळा शर्ट बदलला, आणि विरोध करणाऱ्या सेक्रेटरीला तुरुंगात घातलं. छप्पन साली उठाव झाला तेव्हा रशियन रणगाडे त्या मैदानावरून गेले. गोलकीपर गल्लीच्या तोंडाशीच गोळी लागून पडला. बाची तेव्हा राइट बॅक होते. ही वही कोटात शिवून ते पायी ऑस्ट्रियात गेले आणि तिथून इथं. इथं निर्वासित पोरं जमवून त्यांनी जुन्या नावानं, जुन्या रंगात क्लब पुन्हा उभा केला. गोलकीपरचं नाव वाचताना वीस-पंचवीस वर्षांनीही त्यांचा आवाज फुटायचा. मी मनात म्हटलं, विलास, ही तर पेठच आहे. पुढच्याच रविवारी लेफ्ट हाफला उतरलो.

आणि खरंच पेठ होती हो! रविवारच्या लीगमध्ये सगळे कारखान्यातले, गवंडीकाम करणारे, आपापला देश सोडून आलेले. आठवडाभर सुपरवायझरचं ऐकून घ्यायचं आणि रविवारी कोपरानं उत्तर द्यायचं. मी तीन वर्षांत दोन दात घालवले आणि किती जणांचे पाडले ते मोजले नाहीत. एकाची बरगडी मोडली तेव्हा आतून गार वाटलं, खोटं कशाला सांगू? आक्का डोकं धरून बसायची. "अरे, इथं पोलीस बोलावतात, बाबा. रेकॉर्ड होतं." मी बर्फ लावून पुढच्या रविवारची वाट बघायचो.

शेवटी लीगनं पत्र पाठवलं. आणखी एक मारामारी झाली तर क्लब कायमचा बाद. मैदानाबाहेरचा माणूस आत आला तर तीही मारामारीच धरणार. बाचींनी ते पत्र सगळ्यांना दोनदा वाचून दाखवलं आणि शेवटी नजर माझ्यावर ठेवली. माझ्यावर दोन मॅचची बंदी होती, म्हणून मी रेषेबाहेर बाकावर बसायचं ठरलं.

दुसऱ्या मॅचला फेरी हेडरला उडाला आणि दोन डोकी आपटली. आवाज बाकापर्यंत आला. फेरी आडवा झाला. समोरच्या टीमचा एक उंच खेळाडू त्याच्या छातीवर गुडघा टेकून बसला आणि त्यानं फेरीच्या तोंडात हात घातला. फेरी पाय झाडत होता.

आता तुम्हीच सांगा, आपला माणूस खाली पडलाय, दुसरा त्याच्या छाताडावर बसलाय, आणि बाकावरचा माणूस बसून राहिलाय, असं आपल्या पेठेत कधी झालंय? मागून बाचींची हाक आली, "विलास, नको!" ती मी ऐकली. ऐकून धावलो. धावत जाऊन बुटाची लाथ त्याच्या जबड्यावर घातली. हाड मोडल्याचं पायाला कळलं. तो कोलमडला, तरी मी आणखी दोन बुक्क्या घातल्या. मग दोन्ही बाजूंची माणसं धावून आली, कॉर्नरचे झेंडे उपसले गेले, आणि पोलिसांनी मला गवतावर पालथं पाडून बेड्या घातल्या तेव्हा कोणीतरी रडत ओरडत होतं, की तो फेरीची जीभ काढत होता. फेरीची जीभ घशात गेली होती. श्वास बंद पडला होता. माझी लाथ बसायच्या आत त्या माणसानं ती ओढली म्हणून फेरी जगला.

त्याचं नाव टॉम. शाळेत मास्तर. दहा दिवसांनी आक्का मला गाडीत घालून त्याच्या घरी घेऊन गेली. जबडा तारांनी बांधलेला, स्ट्रॉनं सूप पीत होता. पाठ करून नेलेलं 'सॉरी' अर्धंच निघालं. त्यानं पॅड ओढलं आणि लिहून माझ्यापुढं धरलं, "फेरी कसा आहे?" एवढंच. केस केली नाही, शिवी लिहिली नाही. गाडीत येऊन मी आक्काच्या खांद्यावर डोकं ठेवून रडलो, आणि त्या दिवसापासून कुणावर हात उचललेला नाही.

क्लब बाद झाला. युद्धाला, सरकारला, रणगाड्यांना जे जमलं नाही, ते मी करून दाखवलं. बाचींना भेटायला गेलो तेव्हा ते पत्र्याच्या खोलीत वही उघडून बसले होते. म्हणाले, लीगनं आमच्यावर अन्याय केला असं लिहितो. पोरं तसंच म्हणतायत, तुझं नाव कशाला? मला ते फार सोपं होतं. मान हलवली असती तरी भागलं असतं. पण त्या वहीत गोलकीपरचं नाव खरं होतं, सेक्रेटरीचा तुरुंग खरा होता. तिथं माझ्यासाठी खोटं शिरणार होतं.

मी म्हणालो, "बाची, मी मारलं असं लिहा. नावासकट."

त्यांनी चष्मा पुसला आणि बराच वेळ लिहिलं. काय लिहिलं ते विचारलं तर त्यांनी हंगेरियन ओळींवर बोट ठेवून अर्थ इंग्रजीत सांगितला. टॉमनं फेरीचा जीव वाचवला. विलासनं टॉमला मारलं. क्लब इथं संपला. पण 'विलास'च्या पुढं आणखी काहीतरी लिहिलेलं होतं, ते सांगताना त्यांनी गाळलं होतं. मी विचारल्यावर मान वर न करता म्हणाले,

"आमचा लेफ्ट हाफ."

माझी पोरं आता मला विचारतात, डॅड, व्हेअर इज होम फॉर यू? त्यांना कोल्हापूर सांगतो, कारण ते नकाशावर दाखवता येतं. तुम्हाला मात्र खरं सांगतो. पेठेत मी मार देऊन आलो तर माझी पाठ थोपटायचे. इथं एका माणसानं माझं पाप माझ्या नावावर लिहिलं आणि तरीही मला आपलं म्हटलं. घर कुठलं म्हटलं की मला आधी ती पत्र्याची खोली दिसते.