चिलखताचा रंग

बाबा गेल्यावर आमच्या घरची गणपतीची शाळा, म्हणजे मूर्तींचा कारखाना, बंद पडली. त्यांचे साचे मात्र शाबूत होते. त्यांत शिपायाचाही एक होता. त्यातून आम्ही दोघी बहिणी चार बोटं उंचीचे मातीचे शिपाई काढायचो. दिवाळीच्या किल्ल्यांसाठी सावंतवाडीचा एक दुकानदार ते घेऊन जायचा. मी तेव्हा विशीतली. बाय माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. तिला क्षय झाल्याचं कळताच खारेपाटणच्या सासरच्यांनी तिला ट्रंकेसकट आमच्या पडवीत आणून सोडलं होतं.

पहिल्या खेपेला मी सगळ्या चिलखतांना सरसकट रुपेरी रंग फासला. बायने एक शिपाई उन्हात धरून बघितला आणि तिला हसू फुटलं.

"ह्यो शिपाय की बांगडो? लोखंड खंय असां चकाकता गो? तां काळां असता. उजेड फक्त धारेर."

मग तीच रंगवायला बसली. सरसात काजळ कालवून आधी काळा हात द्यायची. तो वाळला की पेन्सिलीच्या शिशाची पूड फडक्याने घासायची. रुपेरी पूड लावायची ती फक्त खांद्याच्या कडांना आणि टोपाच्या टोकाला. पट्ट्यांच्या सांध्याशी गेरूचा एक बारीक ठिपका, गंज म्हणून. तो मातीचा शिपाई हातात घेतला, तर गार लागेल असं वाटायचं.

काम करताना ती नाकातोंडावर पदर बांधायची. पूड उडते म्हणून, असं सांगायची. तो माझ्यासाठी बांधलेला असायचा, हे मला कळत होतं. आईने तिचं ताट आणि पेला केव्हाच वेगळा केला होता.

दुकानदार आला तेव्हा बाय माजघरात निजली होती. शिपाई बघून तो हरखला. मग एकदम आवाज खाली आणून म्हणाला, "तुमच्या घरात कोणी आजारी आहे म्हणतात. तिचा हात नाही ना लागला याला? पोरांच्या हातात जायचे आहेत."

"नाही," मी म्हटलं. "मीच रंगवलेत सगळे."

तो निघून जाईपर्यंत आतून खोकल्याचा आवाजसुद्धा आला नाही. मी आत गेले, तर बायने उशी तोंडावर दाबून धरली होती. डोळ्यांतून पाणी येत होतं.

"बरां केलंस," श्वास सापडल्यावर ती म्हणाली. "नायतर माज्या सुयो खंयसून येतल्यो?" तिची इंजेक्शनं या शिपायांच्या पैशांतूनच यायची.

पण त्यानंतर तिने कुंचला धरला नाही. मी आणून दिला की बाजूला सारायची. "तूच रंगव. तुझेच मगे ते."

त्या मार्गशीर्षात ती गेली.

पुढच्या वर्षी सगळे शिपाई मी एकटीने रंगवले. दुकानदाराने एक हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला. "गेल्या वेळचं लोखंड नाही उतरलं यात."

"ते माझ्या बहिणीने रंगवले होते," मी म्हटलं.

त्याने शिपाई खाली ठेवला आणि हात धोतराला पुसले. खरं तर तो शिपाई माझ्या हातचा होता. दुकानदार पुन्हा कधी आला नाही. आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मी मात्र त्या दुपारी कित्येक महिन्यांनी पोटभर जेवले.