अर्धी पांढरी रेघ

मुलीनं अमेरिकेहून आणलेला, तिथल्या नवाहो या आदिवासी जमातीतल्या बाईच्या हातचा छोटा गालिचा उलगडला, अन् लोकरीच्या वासासरशी मी साखरखेर्ड्याजवळच्या आमच्या जुन्या अंगणात जाऊन पोचले. माझ्या लग्नाआधीचा उन्हाळा होता. निंबाच्या सावलीत बाबा मागावर माझ्यासाठी घोंगडी विणत होते, आई शेजारी बसून लोकर कातत होती, अन् धाग्यांना लावलेली चिंचोक्याची खळ उन्हात आंबूस वास सोडत होती. घोंगडी सगळी काळी, तिच्यात फक्त एका जाड धाग्याची पांढरी रेघ यायची होती. त्या रेघेची लोकर मी बाटलीनं दूध पाजून वाढवलेल्या मेंढीची. मेंढी हिवाळ्यातच मेली होती, पण तिची शेवटची लोकर आईनं गाठोड्यात जपून ठेवली होती. रेघ निम्म्यावर आली अन् धागा सरला. आई म्हणाली, "दुसऱ्या मेंढीचं पांढरं हाय ना घरात, ते जोडा." बाबांनी मान वर केली नाही. "नको वं. पोरीले हात लावल्याबरोबर समजते," म्हणाले, अन् उरलेली ओळ काळ्या धाग्यानं भरली. इकडे मुलगी गालिच्याच्या कडेपर्यंत गेलेली बारीक रेघ दाखवून सांगत होती, की विणणारीचा जीव विणीत अडकू नये म्हणून काही जणी ही वाट ठेवतात. मी पेटीतून माझी घोंगडी काढून शेजारी अंथरली. "आई, ही अर्धीच काऊन?" तिनं विचारलं. मी तिचा हात धरून त्या पांढऱ्या लोकरीवर ठेवला.