अकराव्या मजल्यावरचं बाळंतपण

आमच्याकडे कासव आलं ते बायकोच्या ऑफिसमधून. तिच्या साहेबांनी वास्तूच्या नावाने टेबलावर काचेच्या भांड्यात ठेवलेलं, गालांवर लाल पट्टे असलेलं बिस्किटाएवढं पिल्लू. ऑफिस दुसरीकडे हललं तेव्हा साहेबांनी खुर्च्यासुद्धा मोजून नेल्या, कासव मात्र राहिलं. बायकोने ते जेवणाच्या डब्यातून घाटकोपरला आणलं. नऊ वर्षांत ते ताटलीएवढं झालं. आई त्याला भाडेकरू म्हणायची, कारण खायचं वेळेवर आणि बोलायचं कोणाशी नाही.

गेल्या उन्हाळ्यात भाडेकरूने खाणं सोडलं. टबातून बाहेर यायला धडपडायचं, आणि बाहेर काढलं की गॅलरीच्या कोपऱ्यात जाऊन मागच्या पायांनी लादी खरवडत बसायचं. एकदा डावा पाय, एकदा उजवा, तासन् तास. मी म्हटलं, गॅस झाला असेल. मला सगळ्यात गॅसच दिसतो. आई मेथी निवडत दोन दिवस नुसती बघत होती. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "हा भाडेकरू नाय रे. ही अडलेली बाई आहे."

मी हसलो. हसायला नको होतं.

माझी आई आयाबाई होती. गिरणी बंद पडून वडील घरी बसले तेव्हा ती एका हॉस्पिटलच्या बाळंतिणींच्या वॉर्डात लागली आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिली. आमची शिक्षणं त्या पगारावर झाली. शाळेत मात्र मी 'आई हॉस्पिटलमध्ये आहे' एवढंच सांगायचो. ऐकणाऱ्याला नर्स वाटली तर वाटू द्यायचो. एकदा ती ड्युटीच्या साडीत, पांढऱ्यावर निळा काठ, तशीच शाळेत आली होती. घरी आल्यावर मी तिला म्हटलं, त्या साडीत येत जाऊ नकोस. ती 'बरं' म्हणाली. पुढे कायम हॉस्पिटलमध्येच साडी बदलून बाहेर पडायची. मी तेव्हा सातवीत होतो, पण ते वय ही काही सबब नाही.

प्राण्यांच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला. पोटात पाच अंडी, साबुदाणा वड्यासारखी गोल नव्हेत, चांगली लांबट. नर नसला तरी कोंबडीसारखी अंडी होतात, डॉक्टर म्हणाले, पण मनासारखी माती मिळेपर्यंत ही ती अडवून धरते. दोन दिवस माती देऊन बघा. नाहीतर इंजेक्शन, आणि त्यानेही नाही झालं तर ऑपरेशन. त्यातून वाचेलच असं सांगता येणार नाही. परतताना रिक्षात बायकोने टब मांडीवर दोन्ही हातांनी धरून ठेवला होता.

पूर्वी आम्ही राहायचो त्या टेकडीवरच्या खोलीत दाराबाहेर माती होती. आता टॉवरच्या अकराव्या मजल्यावर माती म्हणजे फक्त तुळशीच्या कुंडीत. मी खाली चाललेल्या बांधकामावरून दोन गोणी वाळू मागून आणली, मोठ्या टबात ओतली आणि मोबाईल रोखून समोर बसलो. कासवाने खणायला घेतलं. चार वेळा खणलं, चारही वेळा कोरडी वाळू ढासळून खड्डा बुजला. मग ते मान आत घेऊन पडून राहिलं. पहिला दिवस असा गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईने मला बाजूला सारलं. वाळूत कुंडीची माती मिसळली, तांब्याने पाणी शिंपडून मळली, मूठ आवळून बघितली. लाडू वळला तेव्हाच हात थांबवला. वीत लावून खोली मोजली. मग आत जाऊन पेटीच्या तळातून निळ्या काठाची ती साडी काढली आणि कपडे वाळत घालायच्या दोऱ्यांवरून टबाभोवती आडोसा केला.

ती साडी तिने ठेवली होती हे मला माहीत नव्हतं.

"मोबाईल आत ठेव," ती म्हणाली. "हिच्या तोंडासमोर कोणी जायचं नाय. बघायचं तर मागून."

ती एकटीच स्टूल टाकून शेपटीच्या बाजूला बसली. आम्ही दोघं स्वयंपाकघरात, चहा गार होत होता. आडोशाआडून ती बोलत होती, आमच्याशी नव्हे. "भिया नको गो बाय. तुझा तू कर." मालवणी ती फक्त देवाशी आणि घाबरलेल्या माणसाशी बोलते. उन्हं कलता कलता तिचा आवाज आला, "एक." मग दोन, तीन, चार. मग बराच वेळ काहीच नाही. कासव खड्ड्यात माती ढकलायला लागलंय, असं ती म्हणाली. मी म्हटलं, चार झाली ना, सुटली, आता उचलू या.

"पाच दिसली होती ना?" आई म्हणाली. "मग पाच. आत एक ठेवून मी आजवर कोणाला घरी पाठवलं नाय."

दिवे लागले तेव्हा आतून आवाज आला, "पाच." माझी बायको रडायला लागली. मी आडोशाच्या मागून डोकावलो. कासव खड्डा बुजवून वरून पोटाने माती थापत होतं, आणि आई गुडघे धरून उठत होती, तोंडभर हसत.

डॉक्टरांना फोन केला. त्यांनी विचारलं, ओली माती, मागून बघणं, हे सगळं कुठे वाचलंत? मी फोन स्पीकरवर टाकला. आत भाजी चिरणाऱ्या आईला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हटलं, "वाचलं नाही, डॉक्टर. माझी आई आयाबाई होती."

आत विळी थांबली. आई म्हणाली, "त्या साडीला माती लागलीय रे. भिजत घाल."

मी साडी हाताने धुतली, पिळली आणि गॅलरीच्या बाहेरच्या दोरीवर, समोरच्या तिन्ही टॉवरांना दिसेल अशी, पूर्ण उलगडून वाळत घातली.